वाचकांचे प्रश्न: बाळासाहेब खेर, सॉलिसिटर आणि मुंबई प्रांताचे पंतप्रधान

प्रश्न: मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान बाळ गंगाधर खेर हे आमच्या रत्नागिरीचे. ते वकील होते असे सर्वत्र लिहिलेले आढळते. परंतु टिळक, चित्तरंजन दास किंवा भुलाभाई देसाई यांच्याप्रमाणे त्यांचा एखादा गाजलेला खटला मात्र कोठेच सापडत नाही. असे का?

उत्तर: कारण खेर न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणारे वकील नव्हते, तर सॉलिसिटर होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जेथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होत तेथे, त्या काळी कामाची सरळ विभागणी असे. पक्षकार प्रथम सॉलिसिटरकडे जाई. सॉलिसिटर त्याची हकीकत ऐकून घेई, कागदपत्रे तपासून नोटिसा, करारनामे आणि प्रतिज्ञापत्रे तयार करी, आणि सारे प्रकरण बांधून बॅरिस्टरच्या हाती देई. न्यायाधीशांसमोर बोलणारा बॅरिस्टर वर्तमानपत्रांत येई आणि प्रकरण उभे करणारा पडद्यामागे राही. 24 ऑगस्ट 1888 रोजी जन्मलेले खेर मुंबईच्या विल्सन कॉलेजातून संस्कृत घेऊन पदवीधर झाले, कायदा शिकले, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बीमन यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि 1918 मध्ये ‘मणिलाल खेर आणि कंपनी’ ही पेढी भागीदारीत सुरू केली. त्यांचा पुढचा राजकीय स्वभाव या पेढीत घडला, असे माझे ठाम मत आहे. भांडण चव्हाट्यावर जाण्याआधी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवावे, जे ठरेल ते काटेकोर शब्दांत कागदावर आणावे आणि मगच त्यावर सही करावी, ही सॉलिसिटरची रीत त्यांनी सचिवालयातही सोडली नाही.

प्रश्न: मी कायद्याचा विद्यार्थी आहे. 1937 मध्ये वीर नरिमन अधिक लोकप्रिय असताना नेतेपद खेरांकडे कसे गेले? हा नरिमन यांच्यावर अन्याय नव्हता का?

उत्तर: खुर्शेद नरिमन हे मुंबई शहरातील काँग्रेसचे सर्वांत परिचित नाव होते, आणि बॅकबे भरावाच्या योजनेतील गैरकारभाराविरुद्ध त्यांनी दिलेला लढा लोकांच्या स्मरणात ताजा होता. तरीही मार्च 1937 मध्ये काँग्रेसच्या आमदारांनी नेता म्हणून खेर यांची निवड केली. वल्लभभाई पटेलांनी आपले वजन वापरून हे घडवून आणले, अशी तक्रार नरिमन यांनी केली. चौकशी महात्मा गांधी आणि कायदेपंडित बहादुरजी यांच्याकडे सोपवण्यात आली, आणि त्यांनी आरोप सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. मौलाना आझादांनी मात्र पुढे आपल्या आठवणींत नरिमन यांच्यावर अन्याय झाल्याचे स्पष्ट लिहिले. चौकशीचा निकाल मान्य केला, तरी ज्या माणसाने शहरात पक्ष उभा केला त्याला नंतर पदांवरूनही दूर करण्यात आले, ही गोष्ट मला आजही खटकते. खेर यांच्याबद्दल एवढे म्हणता येते की सर्व गटांना चालेल असा, शत्रू नसलेला माणूस पक्षाला हवा होता, आणि स्वराज्य पक्षाच्या दिवसांपासून संघटनेचे काम करणारे, 1930 आणि 1932 मध्ये तुरुंगवास भोगलेले खेर त्या जागी बसत होते.

प्रश्न: आमचे पणजोबा कोकणात खोताचे कूळ होते. खोती बंद करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्येच मांडले होते, असे घरात ऐकत आलो. पंतप्रधान त्याच जिल्ह्याचे असताना ते मंजूर का झाले नाही?

उत्तर: आपण ऐकलेले खरे आहे. सरकार आणि कसणारा यांच्यामध्ये बसलेला खोत सारा गोळा करी, कुळाकडून पिकाचा मोठा हिस्सा घेई आणि वेठही राबवून घेई. सप्टेंबर 1937 मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांनी मांडलेल्या विधेयकात खोताला वाजवी भरपाई द्यावी आणि कसणाऱ्याला रयतवारी पद्धतीने थेट सरकारचा खातेदार करावे, अशी तरतूद होती. जानेवारी 1938 मध्ये याच मागणीसाठी शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत आला. तरीही त्या विधेयकाचा कायदा झाला नाही.

कारण शोधताना खेर यांच्या सरकारने त्याऐवजी काय केले हे पाहावे लागते. 1939 च्या कुळकायद्याने, 1 जानेवारी 1938 पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला ‘संरक्षित कूळ’ ठरवले, म्हणजे त्याला मनमानीने काढून टाकण्यावर बंधन आणले. हा खास सॉलिसिटरी उपाय होता: मालकी तशीच ठेवायची आणि करारातील दुबळ्या बाजूला संरक्षण द्यायचे. त्यातील दोष असा की कायदा प्रथम मोजक्याच भागांत लागू झाला, आणि सहा वर्षांची वहिवाट कागदावर दाखवायची तर कागद कुळाकडे नव्हे, खोताकडे किंवा तलाठ्याकडे असत. कागदावर विश्वास असणाऱ्या माणसाला ही अडचण पुरेशी दिसली नाही, असे मला वाटते.

हाच दृष्टिभेद 1938 च्या औद्योगिक विवाद विधेयकावर उघड झाला. संपाआधी समेटाची प्रक्रिया सक्तीची करावी आणि ती डावलून केलेला संप बेकायदेशीर ठरवून शिक्षा द्यावी, असे सरकारचे म्हणणे होते. आंबेडकर स्वतः बॅरिस्टर. त्यांनी वकिली मुद्द्यानेच त्यावर घाव घातला. संप म्हणजे फार तर नोकरीच्या कराराचा भंग, आणि करारभंग ही दिवाणी बाब आहे. तिला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, तरीही विधेयक मंजूर झाले. या वादात मला आंबेडकरांची बाजू बळकट वाटते, कारण गिरणीमालक आणि कामगार एकाच टेबलाशी बसले तरी बरोबरीने बसत नाहीत.

नोव्हेंबर 1939 मध्ये, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ, काँग्रेसच्या इतर प्रांतिक मंत्रिमंडळांबरोबर खेर यांनीही राजीनामा दिला. 1946 मध्ये ते पुन्हा सत्तेवर आले. तेव्हा 1947 मध्ये हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा झाला, 1948 मध्ये अधिक व्यापक कुळकायदा झाला आणि अखेर 1949 चा खोती निर्मूलन कायदाही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. म्हणजे आपल्या पणजोबांना जे 1937 मध्ये मिळू शकले असते, त्यासाठी बारा वर्षे थांबावे लागले; मात्र ते देणाऱ्या सरकारचे प्रमुख खेरच होते, आणि ही दोन्ही विधाने सारखीच खरी आहेत.

प्रश्न: ते पंतप्रधान होते की मुख्यमंत्री? आणि 1952 नंतर त्यांचे काय झाले?

उत्तर: 1935 च्या कायद्याखाली प्रांताच्या मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला पंतप्रधान म्हणत, 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना लागू झाल्यावर तेच पद मुख्यमंत्र्यांचे झाले, त्यामुळे खेर यांनी दोन्ही नावांनी काम केले. एप्रिल 1952 मध्ये मोरारजी देसाई त्यांच्या जागी आले. खेर लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले, 1954 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि 1955 मध्ये नेमलेल्या पहिल्या राजभाषा आयोगाचे ते अध्यक्ष होते. त्या आयोगाच्या अहवालाला सुनीतिकुमार चटर्जी आणि पी. सुब्बरायन या सदस्यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली, आणि अहवालावरील वाद संसदेत सुरू होण्यापूर्वीच 8 मार्च 1957 रोजी खेर यांचे निधन झाले. वांद्र्याची खेरवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते.