दिवाळीनंतरच्या सोयाबीनचा भाव आजच ठरला, तर त्या कागदाला काय म्हणावे?

वाशीम जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम पाहणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, सोयाबीन शेतात उभे असतानाच एका तेल गिरणीशी भाव ठरवायचा असून माल मात्र दिवाळीनंतर द्यायचा आहे. या व्यवहाराच्या कागदाला ‘वायदा करार’ म्हणावे, ‘अग्रिम करार’ म्हणावे, ‘आगाऊ विक्री’ म्हणावे, की नुसता ‘सौदा’?

माझे मत असे की मथळ्यात ‘मुदतीचा सौदा’ लिहावे आणि आतील मजकुरात ‘विकण्याचा करार’ ही शब्दयोजना ठेवावी. सुचवलेले इतर शब्द अशुद्ध नाहीत, पण ज्यांच्यापुढे हा कागद वाचला जाणार आहे त्या कंपनीच्या शेतकरी सभासदांना ते भलतेच काही सांगतील.

‘वायदा’ हा अरबीतून आलेला आणि मराठीत जुना मुरलेला शब्द. वचन हा त्याचा एक अर्थ, आणि ते वचन पाळण्यासाठी ठरलेली तारीख हा दुसरा. ‘वायदा टळला’ असे कोणी म्हटले की देणेकऱ्याची तारीख उलटून गेली, हे कोणालाही कळते. केवळ अर्थ पाहिला तर आपल्या व्यवहाराला याहून चपखल शब्द सापडणार नाही. अडचण अशी की वर्तमानपत्रांनी आणि बाजाराने तो जवळजवळ संपूर्णपणे वायदेबाजाराला देऊन टाकला आहे, जिथे परिमाण, प्रत आणि महिना आधीच साचेबंद ठरलेला असतो आणि बहुतेक सौदे माल हलण्यापूर्वीच उलट सौदा करून मिटवले जातात. इंग्रजीत दोघांनी आपसात केलेल्या पुढच्या तारखेच्या कराराला फॉरवर्ड आणि बाजारातल्या साचेबंद कराराला फ्युचर्स असे दोन शब्द आहेत. आपण दोन्हींसाठी ‘वायदा’च वापरतो. 1952 च्या वायदा व्यवहारविषयक कायद्यात तर अकरा दिवसांच्या आत माल आणि पैसे यांची देवघेव होत असेल तरच तो तयार मालाचा व्यवहार मानला जाई, त्यापुढचा प्रत्येक करार वायद्याच्या व्याख्येत येई, आणि विशिष्ट माल प्रत्यक्ष देण्याच्या करारांचा एक वेगळा पोटवर्ग केलेला होता. तो कायदा 2015 मध्ये रद्द झाला आणि ते नियमन शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेकडे गेले. पुढे डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांच्या वायद्यांना स्थगिती दिली आणि ती वेळोवेळी वाढवली. त्यामुळे कागदावर ‘वायदा करार’ असे ठळक अक्षरांत दिसताच सभेत कोणीतरी उठून ‘हे तं बंद हाये ना?’ असे विचारणारच. ती स्थगिती वायदेबाजारातील सौद्यांना होती, गिरणी आणि उत्पादक यांनी माल देण्याघेण्यासाठी आपसात केलेल्या कराराला नव्हती. पण एका शब्दापायी अर्धी सभा हे समजावण्यात जाईल.

‘अग्रिम’ची गोष्ट याहून बिकट आहे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तो बसतो, परंतु विदर्भातील शेतकऱ्याला हा शब्द भेटला तो पीकविम्याच्या ‘25 टक्के अग्रिम’मुळे, आणि नोकरदाराला ‘सण अग्रिम’मुळे, म्हणजे दोघांच्याही लेखी अग्रिम म्हणजे हातात आधी पडणारी रक्कम. आपल्या व्यवहारात गिरणी आज एक रुपयाही देणार नाही, ती फक्त भाव बांधून देणार आहे. ‘अग्रिम करार’ असे वाचून दाखवल्यावर पहिला प्रश्न ‘मंग पैसे कवा भेटतीन?’ हाच येणार, आणि त्यात विचारणाऱ्याचा काही दोष नाही. ‘आगाऊ विक्री’लाही हाच रोग आहे, शिवाय आगाऊ म्हटले की पैशाच्या खालोखाल आठवते ते पोरगे.

‘सट्टा’ आपण विचारलेला नाही, पण पारावर कोणीतरी तो शब्द काढेल. व्यापाऱ्यांच्या तोंडी तो भावाच्या अंदाजावर केलेल्या सौद्यासाठी असतो. आपल्याकडे मात्र त्याला ‘सट्टापट्टी’ची, म्हणजे आकड्यांच्या जुगाराची, संगत लागलेली आहे, तेव्हा तो कागदावर नको. 1872 च्या करार कायद्याने पैजेचे करार निरर्थक ठरवले आहेत, म्हणून माल खरोखर द्यायचा-घ्यायचा आहे हे शब्दांतून दिसलेले बरे.

राहिला ‘सौदा’. शब्द निर्मळ आहे आणि तोंडातला आहे. मात्र बाजार समितीच्या आवारात हर्रासी (लिलाव) झाली की सौदा, मग काटा (वजन), मग चुकारा (पैसे चुकते करणे) अशी सगळी साखळी लागलीच पुरी होते, म्हणून नुसत्या ‘सौदा’ने तयार मालच मनात येतो. ‘मुदतीचा’ हे विशेषण लावले की ती उणीव भरून निघते. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा फळ झाडावर असतानाच देतात, इसार घेतात आणि तोड व्यापारी करतो; त्या व्यवहाराची भाषा इथे उसनी आणू नये, कारण तिथे फळ डोळ्यांसमोर लटकलेले असते आणि न्यायचे काम घेणाऱ्याचे असते, तर इथे माल अजून व्हायचा आहे आणि तो पोचता करण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे.

आता आतील मजकूर. ‘याद्वारे 200 क्विंटल सोयाबीन विकले आहे’ असे लिहू नये. 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार जो माल अजून तयार व्हायचा आहे त्याची आजची ‘विक्री’ ही विकण्याचा करारच ठरते, तेव्हा ‘विकण्याचे मान्य केले आहे’ हेच क्रियापद योग्य. ‘अमुक गट क्रमांकातील पीक’ आणि ‘200 क्विंटल सोयाबीन, ओलावा 12 टक्क्यांपर्यंत’ ही दोन वाक्येही सारखी समजू नयेत: पहिल्यात माल त्या शेताशी बांधला जातो, दुसऱ्यात आपले शेत परतीच्या पावसात गेले तरी माल कुठूनतरी आणून देण्याचे बंधन मागे लागू शकते. यांतले कोणते हवे हे वकिलाला विचारून ठरवावे, पण ठरल्यावर शब्द मोघम ठेवू नयेत.

आणि ‘उचल’ हा शब्द कागदात कुठेही येऊ देऊ नये. गिरणीचा कारकून ‘उचल 15 नोव्हेंबरपर्यंत’ असे लिहील ते माल उचलण्याच्या अर्थाने, आणि आपले सभासद ते वाचतील आगाऊ रकमेच्या अर्थाने. ‘गिरणीने 15 नोव्हेंबरपर्यंत कंपनीच्या गोदामातून माल न्यावा’ असे सरळ लिहावे, आणि माल गिरणीच्या दारात द्यायचा असेल तर ‘कंपनीने माल गिरणीत पोचता करावा’ असे लिहून गाडीभाडे कोणाकडे हेही त्याच वाक्यात घालावे.