निवृत्तीनंतर पुण्यात शहरासाठी काय करता येईल?

वडील नुकतेच निवृत्त झालेत, शहराच्या कामात कुठे उपयोगी पडतील, असं विचारलंय. भरपूर ठिकाणी! पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवायची सोय आहे: फूटपाथ, बाकडी, दिवे. पण अर्ज कुणीही भरेल. काम खरंच झालं का, हे बघायला चिकाटी लागते, आणि नोकरदार माणसाला तेवढी सवड कुठे? निवृत्तांकडे ती असते, आणि झालेल्या कामाची माहिती महापालिकेकडे मागायला २००५चा माहिती अधिकार कायदा कामाला येतो. १० रुपयांचा अर्ज, साधारणपणे ३० दिवसांत उत्तर. आमच्या सोसायटीतले निवृत्त इंजिनिअर काका खडी-सिमेंटचे आकडे वाचूनच चूक पकडतात. एकट्याने नको, कट्ट्यावरचे चार मित्र सोबत घ्या. (पुणेरी पाट्या रंगवण्यापेक्षा बरं!)