टॉवर स्पीकर, साउंडबार आणि सत्तर हजारांचा बोनस

नमस्कार,

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमची परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. नाशिकला खासगी कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार ६२,०००. गृहकर्जाचा हप्ता २१,०००, घरखर्च २४,०००, एसआयपी ८,०००. अडीअडचणीसाठी एफडीत २,१०,०००. कर वजा जाऊन दिवाळीचा बोनस ७०,०००. घरात वडिलांच्या शास्त्रीय गायनाच्या रेकॉर्ड्स, चालू स्थितीतला टर्नटेबल आणि ११ बाय १३ फुटांचा हॉल. दुकानदाराने टॉवर स्पीकर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) आणि ॲम्प्लिफायरचा १,१५,००० चा संच सुचवलाय, १२ महिन्यांच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांवर. रोख दिले तर १,०५,०००. वहिनी म्हणतात, २५,००० चा साउंडबार (टीव्हीखाली ठेवायची लांब स्पीकरची पट्टी) पुरे.

माझं मत असं की स्पीकर घ्या, पण टॉवर नको आणि हप्त्यावर तर मुळीच नको.

हप्त्याचं गणित आधी बघू. रोखीची किंमत १,०५,००० म्हणजे वस्तूची खरी किंमत तेवढीच. तुम्ही दरमहा ९,५८३ प्रमाणे वर्षभरात १,१५,००० भरणार. वरचे दहा हजार हे व्याजच आहे, आणि मुद्दल दर महिन्याला कमी होत जात असल्याने त्याचा वार्षिक दर सुमारे १७ टक्के पडतो. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी असेल तर तो आणखी वर. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना सांगितलं होतं. नाव बदललं, धंदा चालू आहे. त्यात तुमच्याकडे महिनाअखेर उरतात ९,०००. हप्ता त्याहून मोठा. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एसआयपीवर गदा येणार.

'हेच पैसे वीस वर्षं गुंतवले तर किती होतील' हा हिशेब मात्र मी मांडणार नाही. त्या हिशेबाने माणसाने चहासुद्धा पिऊ नये.

बोनसमधून किती काढायचे? तुमचा न टळणारा खर्च महिना ४५,०००. खासगी नोकरी आणि डोक्यावर गृहकर्ज असताना सहा महिन्यांची, म्हणजे २,७०,००० ची तरतूद हवी. ६०,००० कमी पडतात. बोनसमधले २५,००० तिकडे टाका, उरलेले ३५,००० दरमहा शिलकीतून चार महिन्यांत भरून निघतील. स्पीकरसाठी राहिले ४५,०००. हा आकडा लहान नाही. तुमच्या हॉलला आणि तुमच्या संगीताला तो पुरतो.

टॉवरचे जादा पैसे जातात मुख्यतः खालच्या खर्जासाठी. आता तुम्ही ऐकता काय ते बघा. काळी एक पट्टीत मंद्र षड्ज, म्हणजे खालचा सा, येतो साधारण ६९ हर्ट्झवर; पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार तिथेच लागते. बरे बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे स्टँडवर ठेवायचे छोटे खोके, ६० हर्ट्झच्या आसपासपर्यंत उतरतात. त्याखाली तुमच्या रेकॉर्ड्सवर फारसं काही नाही. उलट ११ फुटांची खोली स्वतःच ५० हर्ट्झच्या जवळपास घुमते. तिथे टॉवर भिंतीला टेकवून ठेवले की डग्ग्याची घुमक निव्वळ गडगडाट होते, आणि पुढे ओढून ठेवायला तुमच्याकडे जागा नाही.

वॉटच्या आकड्यांनीही दबू नका. पन्नासचे शंभर वॉट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ८६ ऐवजी ८९ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॉटवर किती मोठा वाजतो, त्याचं माप) स्पीकर घेतला तर तेवढीच वाढ एकही जादा वॉट न घेता मिळते. पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीसाठी फुगवलेल्या वॉटचा आकडा दिसला तर पान उलटा.

४५,००० ची माझी विभागणी: स्पीकरवर २५,००० पर्यंत, ॲम्प्लिफायरवर १४,०००, स्टँडवर ४,०००, उरलेले वायर आणि टर्नटेबलची सुई यासाठी. ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची खास जागा) आहे का ते आधी विचारा. टर्नटेबलमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, साध्या इनपुटला जोडला तर आवाज क्षीण आणि पातळ येईल. मग तो सिग्नल वाढवणारा वेगळा फोनो प्रीॲम्प घ्यावा लागेल. वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची चालते. चार मीटरसाठी पाच हजारांची केबल दाखवली तर हसून नको म्हणा.

निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवर का? कारण नीट वापरलेला स्पीकर पंधरा-वीस वर्षं सहज टिकतो आणि विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळतं. ज्या वस्तूत चिप, ॲप आणि वायफाय आहे ती त्याच्या कितीतरी आधी जुनी होते. साउंडबारबद्दल माझी मुख्य शंका हीच. दुसरी म्हणजे तीन फुटांच्या पट्टीतून डाव्या-उजव्या बाजूंचा फरक फारसा उमटत नाही. पण घरात रोज चार तास टीव्ही आणि महिन्यातून एखादी रेकॉर्ड असं प्रमाण असेल, तर वहिनी बरोबर आहेत आणि वीस हजार वाचतील. प्रमाण प्रामाणिकपणे दोघांनी मिळून ठरवा.

स्पीकर सेकंडहँड घ्यायलाही माझी हरकत नाही, ॲम्प्लिफायर मात्र नवा आणि वॉरंटीचा. इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार म्हणजे मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. रविवार सोडून एखाद्या दिवशी फेरी मारा, कारण रविवारी बरीच दुकानं बंद असतात. वूफरच्या (खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या) कडेची गोल पट्टी बोटाने हलके दाबून बघा. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती भुगा होते. रबरी पट्टी बरीच जास्त टिकते. ऐकताना आपली ओळखीची रेकॉर्डिंग्ज न्या आणि दोन्ही जोड्या एकाच आवाजावर वाजवायला सांगा. जरा मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगला वाटतो, हे दुकानदाराला तुमच्याआधी माहीत असतं. नवीन घेतलात तर जीएसटीचं बिल आणि त्यावर सीरियल नंबर हवाच. बिलाशिवायच्या आयात मालाला इथे वॉरंटी मिळेल याची खात्री नसते.

एक राहिलं. वडील तुमच्याजवळ राहतात, पण त्यांच्या आरोग्य विम्याचा उल्लेख पत्रात नाही. पॉलिसी नसेल तर वरची विभागणी बदलेल: बोनसमधून आधी तिचा हप्ता, आणि स्पीकर सेकंडहँडच. पॉलिसी आहे की नाही आणि किती रकमेची, एवढं कळवा.