बाई, बोळ आणि चिऱ्याची खाण

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून गुहागरला निघालात, नव्या गाडीच्या पडद्यावर नकाशा लावलेला. चिपळूण सोडल्यावर आतली बाई म्हणाली, इकडून गेलात तर ९ मिनिटं वाचतील. तुम्ही वळलात आणि अर्ध्या तासाने गाडी चिऱ्याच्या खाणीत. मागच्या सीटवर मुलं खिदळतायत, वहिनी तीन दिवस बोललेल्या नाहीत. आता तुम्हाला कळेना की चूक तुमची की यंत्राची, आणि असं दुसऱ्या कुणाचं झालंय का.

झालंय. भरपूर झालंय. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवरची फॅट मोजायची मशीन दुरुस्त करणं हा माझा २२ वर्षांचा धंदा. म्हणजे सकाळी फलटण, दुपारी पाटण, आणि संध्याकाळी कुठे ते त्या दिवशी कुणाचं मशीन रुसतं त्यावर. काचेला चिकटवायचं नेव्हिगेशनचं यंत्र आमच्या ओळखीत सगळ्यात आधी मी घेतलं, २००९ च्या सुमारास. त्यातला नकाशा दोन-तीन वर्षं जुना असायचा. नव्या बायपासवरून चाललो की पडद्यावरची गाडी उसातून चाललेली दिसायची आणि बाई दर मिनिटाला जीव तोडून सांगायची, वळा, मागे वळा. ते यंत्र अजून माळ्यावर आहे.

चूक कुणाची म्हणाल तर निम्म्याहून जास्त तुमची. रागावू नका, पुढचं वाचा.

उपग्रहाचा भाग सहसा चुकत नाही. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवरून जीपीएसचे उपग्रह फिरतात, त्यातले निदान चार दिसले की फोनला आपली जागा कळते, आणि उघड्या आकाशाखाली ती साधारण पाच मीटरच्या आत बरोबर असते. अमेरिकेने आधी सामान्यांसाठीचा सिग्नल मुद्दाम गढूळ करून ठेवला होता, मे २००० मध्ये ते थांबवलं, तेव्हापासून ही चैन आहे. घाटात एका बाजूला डोंगराची भिंत असली की आकाश अर्धंच उरतं, बोगद्यात तर शून्य. पण खरी गंमत होते ती एकावर एक रस्ते असले की. तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, हे वरून बघणाऱ्याला नीट सांगता येत नाही, कारण उंचीचा अंदाज आडव्या अंतरापेक्षा नेहमीच कच्चा असतो. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकं लावून पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवा पसारा खुला झाला. त्या पहिल्या महिन्यात मला साताऱ्याकडे जायचं होतं आणि मी दोनदा भूगावच्या रस्त्याला लागलो. बाई सांगत होती डावीकडे, आणि डावीकडे रस्ते दोन. तिसऱ्या वेळी बाईचा आवाज बंद केला आणि पुढच्या कोल्हापूर पासिंगच्या गाडीमागे गपगुमान गेलो. बरोबर पोहोचलो.

आता तुमच्याकडे येतो. सेटिंगमध्ये 'टोल टाळा' चालू आहे का, ते आधी बघा. दहातल्या चार तक्रारी इथेच मिटतात. कुणीतरी कधीतरी पन्नास रुपये वाचवायला ते दाबून ठेवतं आणि विसरतं, मग गाडी हमरस्ता सोडून प्रत्येक गावच्या पारावरून जाते. दुसरी भानगड दुचाकीची. माझ्या भाच्याने माझा फोन घेऊन बाइकवर नेला होता आणि नकाशा दुचाकीवरच राहिला होता. दुसऱ्या दिवशी मी चारचाकी घेऊन कसबा पेठेत. बाई म्हणाली उजवीकडे, मी उजवीकडे. बोळ अरुंद होत होत अशा ठिकाणी आला की दोन्हीकडचे आरसे मिटून घेतले तरी भिंतीला लागत होते. वरच्या गॅलरीत एक आजोबा कपडे वाळत घालत होते. त्यांनी शांतपणे चिमटा लावला आणि म्हणाले, "इथून रिक्षासुद्धा जात नाही. पाटी नाही, कारण आजवर इतका मोठा गाढवपणा कुणी केला नव्हता." पुढे पंधरा मिनिटं मी रिव्हर्समध्ये आणि ते वरून मार्गदर्शन करत: "थोडं डावं. तुमचं डावं नव्हे, गाडीचं."

यात यंत्राचा काय दोष? दुचाकीचा रस्ता विचारला, दुचाकीचा दिला. त्याला तुमची गाडी किती रुंद, तिचं पोट जमिनीपासून किती वर, मागे सासूबाई बसल्यात का, यातलं काही ठाऊक नसतं. त्याला एकच ठाऊक: कमीत कमी वेळ. तुमच्या खाणीबद्दल माझा तर्क असा की चिरा भरायला येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरांच्या खिशात फोन असतात. दिवसभर ते त्याच वाटेने ये-जा करतात. नकाशाने मानलं असेल की इतक्या गाड्या जातात म्हणजे रस्ता वाहता आहे. वाहता आहेच, फक्त पुढे गुहागर नाही.

माझा सगळ्यात भारी किस्सा कृष्णाकाठचा. आमच्या नात्यातलं लग्न, गावाचं नाव सांगत नाही, पण त्याचं एक खुर्द आहे आणि एक बुद्रुक. आपल्याकडे शेकड्याने असे जोड आहेत. फारसीतला खुर्द म्हणजे धाकटं, बुजुर्ग म्हणजे थोरलं, त्याचं बुद्रुक झालं. असे जोड पुष्कळदा नदीच्या दोन काठांवर बसलेले असतात. मी घाईत नुसतं गावाचं नाव टाकलं, पहिलं आलं ते दाबलं. लग्न खुर्दला होतं, नकाशाने नेलं बुद्रुकला. गावात शिरून नदीच्या घाटापाशी गाडी थांबली आणि बाई म्हणाली, तुम्ही पोहोचलात.

आणि खरं सांगतो, पोहोचलोच होतो. समोर नदीपलीकडे मांडव दिसत होता. भगवे फेटे दिसत होते. माझा मामेभाऊ पांढऱ्या शर्टात आचाऱ्याशी भांडताना दिसत होता, तो हातवाऱ्यावरून लांबूनही ओळखू येतो. मध्ये फक्त कृष्णामाई. फोन केला तर तो म्हणाला, "अरे तू दिसतोयस की! ये लवकर!" येतो कुठून? पूल नऊ किलोमीटर वर. मुहूर्त बारा चाळीसचा आणि घड्याळात बारा पस्तीस. आईने मला गाडी वळवू दिली नाही. म्हणाली, आता धावपळीत ना इथलं होईल ना तिथलं. ती घाटाच्या पायरीवर उतरली. लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली, पाण्यावरून आवाज लख्ख येत होता, गुरुजी कुठे अडखळले तेही कळलं. प्रत्येक 'सावधान'ला आईने रिकाम्या मुठीने नदीकडे अक्षता टाकल्या. शेजारी एक बाई धुणं धूत होत्या. त्या म्हणाल्या, "खुर्दाचं लगीन व्हय? बुद्रुकाला गाडी आली, तुमची या सालातली तिसरी." जेवायला आम्ही शेवटच्या पंगतीला पोहोचलो. जिलेबी संपली होती, मठ्ठा होता.

आईचं आणि नकाशातल्या बाईचं मात्र छान जमतं. पूर्वी आवाज इंग्रजी होता तेव्हा ती वैतागायची. त्या आवाजाला आपली नावं म्हणजे दगड. साने चौकाचं 'सेन चौक', काळे वस्तीचं 'केल वस्ती', आणि डॉक्टर आंबेडकर रस्ता आला की 'ड्राइव्ह आंबेडकर'. आई म्हणायची, हिला कुणी शिकवलंच नाही. मग मी मराठी आवाज लावला. आता "३०० मीटरनंतर उजवीकडे वळा" म्हटलं की आई "हो गं बाई, वळतोय तो" म्हणते. एकदा दौंडला जाताना ती अर्धा तास बोललीच नाही, सरळ रस्ता होता. आई म्हणाली, "झोपली का बघ बिचारी."

वारीच्या दिवसांतली एक फजिती सांगतो. सासवडला मशीन बंद पडलं होतं, मी हडपसरकडून निघालो. दिवे घाट नकाशात स्वच्छ निळा, कुठे लाल रेघ नाही, चाळीस मिनिटं. मनात म्हटलं, आज नशीब. हडपसरच्या पुढे बॅरिकेड. हवालदार खिडकीत वाकून अगदी गोड आवाजात म्हणाला, "माउली, गाडी मागं घ्या." माउलींची पालखी घाट चढत होती आणि त्यासाठी गाड्या बंद होत्या. गाड्याच नाहीत म्हणजे अडलेल्या गाड्याही नाहीत. मग नकाशाला लाल करायला काही उरलंच नसावं. याच्या अगदी उलटं बर्लिनमध्ये झालं होतं. २०२० मध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने ९९ फोन एका लहान हातगाडीत भरले आणि ती ओढत रस्त्यावरून चालत गेला. रिकामा रस्ता नकाशात लालभडक. तिकडे एका माणसाने कोंडी केली, इकडे लाखो वारकरी चालत असताना रस्ता मोकळा. हवालदाराला मी हे सांगितलं नाही, तो दुपारपासून उभा होता.

हसण्यावारी न्यायचं नाही असंही आहे. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात, कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली. दोघे पोहून बाहेर आले, चालक गेला. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी पूल बंद आहे हे त्याने सांगितलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ तुटलेल्या पुलावरून गाडी खाली रामगंगेत पडली, तिघे गेले. जुलै २०२५ मध्ये बेलापूरला पुलाऐवजी पुलाखालचा रस्ता धरलेली गाडी थेट खाडीत गेली. जवळ सागरी सुरक्षा पोलिसांची चौकी होती म्हणून गाडी चालवणाऱ्या बाई वाचल्या. तिन्ही घटनांत नकाशाचं नाव निघालं. म्हणून माझा एक नियम आहे: अंधार किंवा पाऊस असेल आणि रस्ता अनोळखी असेल, तर पूल, धरण किंवा खाडी आली की गाडी थांबवायची, काच खाली करायची आणि माणूस दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. पावसाळ्यात घाटाचंही तसंच. वरंध घाट बंद असल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघालेला असतो आणि फोन खुशाल भोरहून महाडला नेत असतो. निघायच्या आधी घाटाखालच्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करावा. त्याला सगळं माहीत असतं.

माणसं चुकवत नाहीत असं नाही. "हितंच, म्होरं" म्हणजे दोनशे पावलं की सहा किलोमीटर, हे सांगणाऱ्याच्या चालण्यावर अवलंबून. वडाच्या झाडापाशी वळा म्हणतात, आणि वड रस्ता रुंदीकरणात गेलेला असतो. म्हणून मी एकाला विचारून थांबत नाही, फर्लांगभर पुढे जाऊन दुसऱ्याला विचारतो. अलीकडे एक नवीनच त्रास: कोयनेच्या अलीकडे एका टपरीवर रस्ता विचारला, तर त्या पोराने खिशातून फोन काढला, त्यात माझंच ठिकाण टाकलं आणि मला वाचून दाखवलं.

तर पुढच्या खेपेला एवढं करा. टोलचं आणि दुचाकीचं सेटिंग बघा. कुंभार्ली घाटात आणि खाली पोफळीपर्यंत नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून त्या पट्ट्याचा नकाशा घरच्या वायफायवर डाऊनलोड करून ठेवा. उपग्रहाला इंटरनेट लागत नाही, नकाशाला लागतं. ठिकाण निवडताना तालुका बघा. निघायच्या आधी संपूर्ण रस्ता एकदा बोटाने सरकवत बघा आणि चिपळूण, शृंगारतळी, गुहागर अशी मोठी नावं पाठ करून ठेवा, म्हणजे बाई भलतीकडे वळायला लागली की कळेल. मध्येच 'इतकी मिनिटं वाचतील' असं आलं आणि वाचणारी मिनिटं पंधराच्या आत असतील, तर नाही म्हणायचं. हा आकडा माझा मी ठरवलाय, खाणीत जाऊन आल्यावर. हो, मीही गेलोय, तुमच्यासारख्याच एका खाणीत, संगमेश्वरकडे.

वेगळं महागडं यंत्र घ्यावं का, असंही विचारलंय. नको. माझं माळ्यावरचं हवं तर घेऊन जा.

राहिला वहिनींचा अबोला. तुम्हीच लिहिलंय की वळणाच्या आधी टपरीवाल्याला विचारा असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. यात उपग्रहाचा काही संबंध नाही.