द्राक्षाचा सीझन संपल्यावर नाशिकमध्ये काम कसं शोधायचं?

बीएस्सी झालंय, पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे निर्यातीची द्राक्षं निवडून भरतात तिथे, जानेवारी ते एप्रिल चेकर (भरलेला माल तपासणारा) म्हणून काम केलं, आणि आता अंबड एमआयडीसीतल्या कंपन्या ‘अनुभव नाही’ म्हणून परत पाठवतात. डिसेंबरपर्यंत काय करायचं आणि मुलाखतीत गॅपबद्दल काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय. मी त्याच लाइनवर उभी राहिलेली आहे, म्हणून उत्तर लांबणार.

पहिलं म्हणजे, तुम्हाला अनुभव आहे. घड देठाला धरून उचलायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, कारण वरची पांढुरकी पावडर पुसली गेली की तो माल डोळ्यालाच शिळा दिसतो. हे पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगतात, पण हाताला ते वळण लागायला वेळ जातो. घडाच्या पाकळीच्या (छोट्या फांदीच्या) मागे लपलेला पिचका मणी शेजारच्या मण्याला न टोचता कात्रीच्या टोकाने काढायचा. ट्यूबलाइटच्या उजेडात पिंक बेरी, म्हणजे गुलाबी पडलेला मणी, ओळखायची. पनेट, म्हणजे प्लास्टिकची छोटी डबी, पाचशे ग्रॅमच्या किंचित वर बसवायचं, कमी भरलं तर परदेशातल्या खरेदीदाराकडून भरपाईचा क्लेम येतो आणि जास्त भरलं तर इकडे ओरडा बसतो. आणि हे सगळं घाईत, कारण तोडलेला माल लवकरात लवकर प्री-कूलिंगला, म्हणजे थंड करायच्या खोलीत, गेला पाहिजे. नट-बोल्टच्या कंपनीतल्या एचआरला यातलं काही माहीत नसतं, यात त्याचा दोष नाही. पण त्याच्या माहीत नसण्याला तुम्ही स्वतःची कमतरता समजू नका.

मी दिंडोरी तालुक्यातली. केमिस्ट्रीत बीएस्सी केली आणि गावाजवळच्या एका पॅकहाऊसला लागले. आधी ट्रिमिंगच्या टेबलावर होते, पुढच्या सीझनला चेकर झाले आणि नंतर इनटेकला. इनटेक म्हणजे गाडी आली की क्रेटमधून नमुना काढायचा, मण्याचा आकार रिंगने बघायचा, रस काढून रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या उपकरणावर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, बघायचा. आमच्याकडे सोळाच्या खालचा माल घेत नसत. पंधरा-साडेपंधरा आला की शेतकरी समोर उभा असतो, त्याची वर्षाची कमाई त्या गाडीत असते, आणि ‘काका, हा प्लॉट अजून आठ दिवस ठेवा’ हे त्याला विशी-बाविशीतल्या मुलीने सांगायचं असतं. मार्चमध्ये आभाळ आलेलं असताना सांगायचं असतं. ही जबाबदारी नाही, असं कोणी म्हटलं की अजूनही माझं डोकं तापतं.

एप्रिलच्या शेवटी कंटेनर न्हावा शेव्याला गेला, लाइन धुतली, क्रेट रचून ठेवले. सुरगाणा-पेठकडच्या मुली आदल्याच आठवड्यात गावी गेल्या होत्या. माझे मामा सातपूरच्या एका कंपनीत कायम आहेत. त्यांनी ओळखीने दुसऱ्या एका कंपनीत माझी मुलाखत ठरवली. तिथल्या साहेबांनी माझा बायोडाटा वाचला आणि माझ्यासमोर बोटांच्या पेरांवर महिने मोजले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. ‘मग बाकीचे आठ महिने घरीच?’ मी सांगायला लागले तर म्हणाले, आम्हाला सलग वर्षाचा अनुभव लागतो, पाहिजे तर कंत्राटदाराकडून हेल्परमध्ये घेतो, बारा तासांची शिफ्ट आहे. मी तिथेच नाही म्हटलं.

मामा गेटबाहेर थांबले होते. घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आईसमोर मात्र म्हणाले, ‘सीझनचं काम म्हणजे मजुरी. त्याला नोकरी म्हणत नाहीत. एमआयडीसीत एकदा पाय टाकला की आपोआप वर जाता येतं, आणि ही आलेली संधी लाथाडून आली.’ त्यांच्या मनात काळजी होती, ते मी मान्य करते. पण मुद्दा तेव्हाही चूक होता आणि आजही चूकच आहे. त्याकडे पुन्हा येते.

त्याच आठवड्यात मी पॅकहाऊसमध्ये अनुभवाचं पत्र मागायला गेले. क्लार्कने छापील कागद पुढे केला, त्यावर ‘हंगामी मदतनीस’. मी म्हटलं, मी इनटेकला होते, माझ्या सहीचे रिपोर्ट फाइलला लागलेले आहेत. तर म्हणे सगळ्यांना हाच फॉरमॅट. मला त्या दिवशी जितका राग आला तितका त्या सातपूरच्या साहेबाचाही आला नव्हता. २०१० साली लिहोसीन या वाढरोधक औषधाचे अंश सापडल्यामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. नाशिकमध्ये किती बागायतदार त्यात झोपले ते तुमच्या घरच्यांना विचारा. तेव्हापासून प्लॉटची नोंदणी, लॅबचा रिपोर्ट, बॉक्सवरचा नंबर हे सगळं कडक झालं. बॉक्सवरचा नंबर बघून कोणत्या गावातल्या कोणत्या शेतकऱ्याचा माल ते सांगता येतं. मग तो माल आत घ्यायचा की नाही हे ज्या मुलीने ठरवलं, तिचं काम एका ओळीत खरं लिहायला काय अडचण होती?

शेवटी आमचे क्वालिटी मॅनेजर कामाला आले. सीझन संपवून ते तासगावला घरी गेले होते. मी फोन केला, त्यांनी मी केलेलं काम मुद्देसूद लिहून पॅकहाऊसच्या मालकांना पाठवलं आणि मालकांनी लेटरहेडवर सही करून दिलं. त्या पत्रात ‘इनटेक तपासणी, ब्रिक्स व मणी आकार मोजणी, नमुना नोंदी’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पुढची नोकरी मला त्या कागदामुळे मिळाली.

मधल्या काळात मी काय केलं ते सांगते, कारण तुमचा अर्धा प्रश्न तोच आहे. पावसाळ्यात कांद्याच्या खळ्यावर हिशेब लिहायला गेले. बाया निवड करायच्या, मी गोणी मोजून नोंद ठेवायचे. ऑगस्टपासून पिंपळगावला टोमॅटोची आवक सुरू झाली, तेव्हा एका व्यापाऱ्याकडे क्रेटची नोंद आणि गाडी भरताना मालाची पाहणी करायला लागले. पगार बरा होता, धूळ आणि गडबड भयंकर होती. मामांनी तेव्हा आईला फोन करून विचारलं होतं, पोरगी मार्केटात क्रेट मोजते का. हो, मोजत होते.

दिवाळीनंतर एका फळप्रक्रिया कंपनीत मुलाखत झाली. समोर प्रॉडक्शनचे साहेब होते, स्वतः कृषी पदवीधर. त्यांनी पत्र वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘रिफ्रॅक्टोमीटर झिरो कशाने करायचात?’ मी म्हटलं, डिस्टिल्ड वॉटरने. ‘आणि उन्हातून आलेल्या मण्याचा रस लगेच टाकला तर?’ मी म्हटलं, तापमानाने रीडिंग हलतं, सावलीत थंड होऊ द्यायचा किंवा तापमानाची दुरुस्ती धरायची. मग टोमॅटोबद्दल विचारलं, कोणत्या महिन्यात माल पाणचट येतो, क्रेटच्या तळाचा माल कसा बघता. गॅपचा विषयच निघाला नाही. आज मी त्याच क्षेत्रात शिफ्ट सांभाळते आणि मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसते.

म्हणून गॅपबद्दल माझं मत साधं आहे. योग्य माणसासमोर बसलात तर गॅप दिसतच नाही. बायोडाट्यात ‘जानेवारी ते एप्रिल’ असं लिहून बाकी जागा कोरी ठेवू नका. ‘द्राक्ष निर्यात हंगाम’ असं लिहा, वर्ष घाला, खाली काम लिहा. मग टोमॅटोचा हंगाम, कांद्याचा हंगाम. शेतमालात काम करणाऱ्या कोणत्याही माणसाला यातून पूर्ण वर्ष दिसतं. उगाच खोटे महिने जोडू नका, पीएफच्या नोंदीत ते लगेच उघडं पडतं. पॅकहाऊसने पीएफ कापला असेल तर तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पुढच्या ठिकाणी द्या, नवीन काढायला लावला तर नकार द्या, नाहीतर तुमची सेवा दोन-तीन खात्यांत विखुरते आणि जोडताना दमछाक होते.

अंबडमध्ये सरसकट अर्ज टाकत फिरणं बंद करा. मोटारींचे आणि इलेक्ट्रिकलचे पार्ट बनवणाऱ्यांना तुमच्या हातातलं कौशल्य लागत नाही. आत्ता मे आहे, म्हणजे आंब्याच्या पल्पचं काम चालू असणार, प्रक्रिया कंपन्यांना लाइनवर तपासणीला माणसं लागतात, तिथे आजच विचारा. कोल्ड स्टोरेज, बेदाणा, मालातले औषधांचे अंश (रेसिड्यू) तपासणाऱ्या लॅब या सगळ्यांकडे जा. लॅबवाल्यांना प्लॉटवर जाऊन नमुने आणणारी माणसं सीझनच्या तोंडावर हवी असतात, त्यांच्याकडे दिवाळीच्या आसपास नाव देऊन ठेवा. वाइनरीत मेमध्ये जाऊन फारसा उपयोग नाही, त्यांचं क्रशिंग तुमच्या सीझनबरोबरच उरकतं. ऑगस्टला पिंपळगाव नाहीतर गिरणारे मार्केट. सिंहस्थाच्या तात्पुरत्या कामांकडे बरीच मुलं वळतायत. पैसे मिळत असतील तर जरूर करा, पण तिथेही काय काम केलं त्याचं पत्र घ्या, कारण मेळा आटोपला की तुमच्यासारखाच प्रश्न विचारणारे हजारो जण नाशिकमध्ये असणार आहेत.

आता मामांचा मुद्दा. तुमच्या घरीही कोणीतरी तो मांडत असणार, म्हणून सविस्तर लिहिते. ‘एमआयडीसीत कसंही करून आत शिरा, हेल्पर म्हणून का होईना.’ मी ज्या मुलांना असं आत शिरताना पाहिलं, ती वर्षानुवर्षं कंत्राटदाराच्याच खात्यावर राहिली. ऑर्डर कमी झाली की आधी त्यांचे गेटपास बंद होतात. त्यांचाही सीझनच असतो, फक्त तो कधी संपणार हे त्यांना कोणी सांगत नाही. आमचा सीझन कधी संपणार ते ऑक्टोबरची छाटणी झाली की दिसायला लागतं. तेवढ्यात माणूस पुढची सोय लावू शकतो.

आणि ‘सीझनचं काम म्हणजे नोकरी नव्हे’ हे तर कायद्यालाही मान्य नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातच हंगामी आस्थापनेचा वेगळा विचार होता. तिथे वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाऐवजी प्रत्येक हंगामाला सात दिवसांचं वेतन धरलेलं होतं, आणि आस्थापना जितके दिवस चालली त्यातले किमान ७५ टक्के दिवस हजेरी असेल तर सेवा सलग मानत. म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी दिल्लीत बसून कायदा करणाऱ्यांना हंगाम ही सेवा आहे हे कळलं होतं. मी हे मामांना एका लग्नात सांगितलं होतं. त्यांनी विषय बदलला. त्यांच्या स्वतःच्या खात्यात गेल्या कित्येक वर्षांत कोणी नवीन कायम झालेलं नाही, हे त्यांनीच मागे सांगितलेलं आहे. तरी भाच्यांना सल्ला तोच देतात.

हे सगळं मी बोलू शकते, कारण त्या वर्षी घर वडिलांच्या बागेवर चालत होतं. माझ्या पगारावर कोणी अवलंबून नव्हतं. तुमच्या डोक्यावर हप्ता असेल, धाकट्या भावंडांची फी असेल, तर हेल्परचं काम घ्या आणि त्यात काहीही कमीपणा मानू नका. फक्त रविवारी इतर ठिकाणी अर्ज टाकत राहा, आणि कंत्राटदार कोण, पीएफ भरतो का, ओव्हरटाइम दुप्पट देतो का हे गेटवरच्या जुन्या मुलांना आधी विचारून घ्या. आणखी एक, तुम्हाला शेतमालाचं क्षेत्रच नको असेल तर माझं वरचं निम्मं उत्तर तुमच्या उपयोगाचं नाही. मग सातपूरच्या आयटीआयमध्ये किंवा अप्रेंटिसशिपची चौकशी करा, त्यातलं मला जवळून माहीत नाही.

पत्राचं मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडू नका. मे उजाडला की पॅकहाऊसची ऑफिसं ओस पडतात, मॅनेजर गावी जातात, फायली कपाटात जातात. या आठवड्यात जा. जाताना मजकूर स्वतः टाइप करून न्या, पदाच्या जागी ‘चेकर’ लिहा, रोज कोणती तपासणी करत होता ते लिहा, कोणत्या जातीचा माल होता तेही लिहा, थॉमसन, सोनाका, क्रिमसन जे असेल ते. क्लार्कने छापील फॉरमॅट पुढे केला तर घेऊ नका, तुमच्या सुपरवायझरला तिथूनच फोन लावा.