चार दिवसांची रजा मागण्यापूर्वी हे वाचा

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातल्या प्रशिक्षणाच्या ड्यूट्या, सुरू झाल्यापासून लहान मुलीला वेळ देता येत नाही, केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) मध्यरात्रीनंतरच हातात घेता येतो आणि पुढच्या महिन्यात वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी चार दिवस ड्यूटी बुडणार आहे, असे तुम्ही लिहिले आहे. वाचताना माझे दुसरे वर्ष डोळ्यांसमोर उभे राहिले. वेळापत्रक आखणे वगैरे गोष्टी तुम्हाला ठाऊक असणारच, म्हणून त्यांत शिरत नाही. ते चार दिवस तुम्ही ओझरते सांगितले आहेत. मला सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते.

माझ्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा माझी बालरोग विभागात पोस्टिंग होती. वॉर्डात आम्हाला शिकवणाऱ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरनी "तू आधी घरचे बघ, तास आपण नंतर भरून काढू" असे आपुलकीने सांगितले आणि तेवढ्या शब्दावर, लेखी अर्ज न देता, मी सहा दिवस घरी राहिले. पुढे सुट्टीच्या दिवशी जाऊन त्या सहाही ड्यूट्या मी त्याच वॉर्डात पूर्ण केल्या. परंतु ड्यूटी संपताना इन्चार्ज सिस्टर हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती देण्यात, गुंतलेल्या असत, मला घरी पोहोचण्याची घाई असे, आणि सही उद्या घेऊ असे म्हणत मी निघून येई. माझ्या हजेरीच्या तक्त्यावर तारखा होत्या, वॉर्डाचे नाव होते, वेळाही होत्या. सहीचा रकाना मात्र सहा ओळी सलग कोरा होता.

वर्षअखेरीस कॉलेजच्या कार्यालयाने ते सहा दिवस गैरहजेरीत धरले. इन्स्ट्रक्टर तोवर नोकरी सोडून गेल्या होत्या. मी पाच खेपा घातल्या. एका टेबलावर वॉर्डाचे पत्र मागत आणि वॉर्डात सांगत की कार्यालयाने मागितल्याशिवाय पत्र देता येत नाही. त्या दोन टेबलांमधले अंतर कोणी एक दूरध्वनी करून मिटवू शकले असते, याचा राग मला आजही येतो. माझी परीक्षा एक सत्र पुढे गेली, बरोबरच्या मुली पुढच्या वर्षात गेल्या आणि ज्या घरासाठी मी ते दिवस घेतले होते त्याच घराला आणखी सहा महिने माझी ओढाताण सोसावी लागली.

तासांचा हिशेब हा काही केवळ कॉलेजचा हट्ट नसतो, हे मला उशिरा कळले. परिचारिका म्हणून नोंदणीची पात्रता त्यावर अवलंबून असते. युरोपीय संघाच्या नियमांत, उदाहरणार्थ, सामान्य नर्सिंगच्या शिक्षणासाठी किमान ४६०० तास ठरवलेले आहेत आणि त्यांतले निदान निम्मे क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे, असावे लागतात. त्यामुळे कोणी कितीही मायेने "बघू" म्हटले तरी ते कागदावर येईपर्यंत तुमच्याकडे रजा नाही, असेच समजा. तुमच्या संस्थेचे नियम वेगळे असू शकतात, मी सांगते तो एकटीचा अनुभव आहे. तेव्हा नियमावलीतला रजा आणि भरपाईचा भाग स्वतः वाचा.

झोपेबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. नाइट करून आल्यावर दिवसभर मुलाबरोबर जागे राहणे म्हणजे चांगली आई असणे, असे मी मानत होते. अशाच एका दिवसानंतरच्या रात्री १००० मिली सलाइन आठ तासांत द्यायचे होते आणि सलाइनच्या नळीचा सेट २० थेंबांना एक मिली असा होता, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मी १२५ लिहिले. तो आकडा तासाला जाणाऱ्या मिलीलिटरचा होता. शेजारी उभ्या असलेल्या सिनियर सिस्टरनी तो पाहिला म्हणून रुग्णापर्यंत काही पोहोचले नाही. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. म्हणून नाइटनंतरची झोप घरच्यांशी आधीच ठरवून घ्या. मुलीलाही रोज एक तास देण्याचे वचन देऊ नका, ते मोडतेच. आठवड्यातली एकच वेळ ठरवा आणि ती मोडू देऊ नका.

केअर प्लॅनचे म्हणाल, तर रुग्णाचे मूल्यमापन वॉर्डातच, रुग्ण समोर असताना लिहून टाका. घरी आठवून लिहिताना मला दुप्पट वेळ लागत असे आणि नोंदीही कच्च्या राहत.

आता ते चार दिवस. शस्त्रक्रियेची तारीख लिहिलेल्या कागदाची प्रत जोडून याच आठवड्यात अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि भरपाईच्या ड्यूट्या कोणत्या वॉर्डात, कोणत्या तारखांना, हे त्याच अर्जावर मंजूर करून घ्या. भरपाईच्या दिवशी हँडओव्हर सुरू होण्याच्या पंधरा मिनिटे आधी तक्ता घेऊन इन्चार्ज सिस्टरांकडे जा आणि सही झाल्यावर त्याचा फोटो काढून ठेवा. शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, तर अर्जही त्याच दिवशी बदलून द्या.