वडिलांनी व्हिडिओ पाहून मधुमेहाची गोळी सोडली, काय करू?

तुमचे वडील नाशिकच्या सिडकोत, दोन महिन्यांपासून गोळी बंद करून मेथीचं पाणी पितायत, आणि तुम्ही विचारताय की नेटवरचं खरं कसं ओळखायचं. पंचवटीत माझं मेडिकल आहे. हल्ली लोक चिठ्ठीऐवजी मोबाइलच काउंटरवर ठेवतात. आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला, पण सल्ला येतो फॅमिली ग्रुपवरून!

आधी वडील शोधतात काय ते बघा. ‘मेथीच्या पाण्याचे फायदे’ टाकलं की फायदेच येणार. ‘मेथीमुळे मधुमेहाची गोळी बंद करता येते का’ असं त्यांनाच शोधायला लावा. समोर येणारं बरंच बदलतं.

व्हिडिओतला माणूस खोटंच बोलतो असं नाही, म्हणून तर तो पटतो. डेंग्यूचंच घ्या. पपईच्या पानांचा रस पाजला आणि प्लेटलेट वाढल्या, हे दर पावसाळ्यात ऐकतो. डेंग्यूत प्लेटलेट आधी घसरतात आणि बहुतेकांच्या आठवडाभरात आपोआप वर येतात, रस द्या की नका देऊ. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. धोका भलतीकडेच असतो: ताप उतरताना पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं काही दिसलं तर तडक दवाखाना गाठायचा, आणि नेमके तेव्हाच घरचे ‘ताप गेला’ म्हणून निर्धास्त असतात.

‘मधुमेह मुळापासून बरा’ म्हणत कोणी औषध विकत असेल तर पुढे ऐकूच नका. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्याने अशा जाहिरातीला बंदी आहे. बोलणारा ॲलोपॅथीचा डॉक्टर म्हणवत असेल तर त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघता येते. आयुर्वेद, होमिओपॅथीच्या नोंदी वेगळ्या. अर्थात नोंदणी आहे म्हणून प्रत्येक वाक्य बरोबर, असंही नाही.

वडिलांशी वाद घालू नका. याच आठवड्यात त्यांची एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी करा. त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज येतो, म्हणजे नेमका मेथीचाच काळ. जुना रिपोर्ट शेजारी ठेवून दोन्ही रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. गोळी परत किती आणि कशी सुरू करायची ते तेच ठरवतील. मेथी सोबत चालेल का, हेही तिथेच विचारा, कारण दोन्हींनी मिळून साखर जास्त उतरू शकते. मधल्या काळात खूप तहान, सारखी लघवी किंवा गुंगी वाटली तर रिपोर्टची वाट बघू नका.